इंजिनातले पाणी बोलू लागते तेव्हा

विदर्भातला उन्हाळा ज्यांनी अनुभवला आहे, त्यांना पुढील दृश्य नवीन नाही. नागपूर–हैदराबाद राष्ट्रीय महामार्ग यवतमाळ जिल्ह्यातून वडकी, करंजी, पांढरकवडा, पाटणबोरी या गावांवरून जातो आणि पैनगंगा ओलांडून तेलंगणात शिरतो. मे महिन्यातल्या दुपारी या रस्त्याच्या कडेला, कडुनिंबाच्या तुटपुंज्या सावलीत, एखादी मोटार बॉनेट उघडून उभी असते. पुढून वाफ निघत असते आणि चालक हातात पाण्याची बाटली घेऊन रेडिएटरच्या झाकणाकडे पाहत असतो. काय झाले असे विचारले तर उत्तर ठरलेले असते : “अचानक गरम झाली.”

हे ‘अचानक’ बहुतेक वेळा खरे नसते. त्याआधी काही मिनिटे, कधी काही दिवस, गाडीने निरनिराळे आवाज केलेले असतात. डॅशबोर्डच्या मागे गुडगुड, इंजिनाच्या पोटात किटलीसारखे गाणे, कुठेतरी बारीक फुसफुस, सकाळी गाडी सुरू करताना किंचाळी. हे आवाज आपोआप होत नाहीत. प्रत्येक आवाजामागे पदार्थविज्ञानातली एक साधी घटना असते आणि ती शालेय अभ्यासक्रमाच्या बाहेरची नसते. म्हणूनच शीतन यंत्रणेचे आवाज हा विषय केवळ मेकॅनिकचा नाही, तो वर्गात शिकवता येण्याजोगा आहे, असे आम्हाला वाटते. शिवाय त्यात एक व्यावहारिक लाभही आहे. आवाजाचा अर्थ ज्याला कळतो तो वेळेवर थांबतो, आणि थांबल्यावर काय करू नये हेही त्याला ठाऊक असते.

इंजिनाला पाणी कशाला?

प्रथम एक ढोबळ हिशेब करू. समजा, एक पेट्रोल मोटार ताशी ६० किलोमीटर वेगाने चालली आहे आणि लिटरमागे १५ किलोमीटर जाते. म्हणजे तासाला ४ लिटर पेट्रोल जळते. एक लिटर पेट्रोलमधून सुमारे ३३ मेगाज्यूल ऊर्जा मिळते. चार लिटरची झाली १३२ मेगाज्यूल. तासाचे सेकंद ३,६००, त्यांनी भागले की सुमारे ३७ किलोवॅट हा आकडा येतो. यातला फार तर चौथा ते तिसरा हिस्सा चाके फिरवण्याच्या कामी येतो. सुमारे एक तृतीयांश भाग धुराबरोबर बाहेर जातो आणि जवळपास तेवढाच भाग इंजिनाच्या भिंतींमधून पाण्यात उतरतो. तो साधारण १२ किलोवॅट धरू. घरातला पाणी तापवण्याचा गीझर २ किलोवॅटचा असतो. म्हणजे साध्या चालीने जाणाऱ्या मोटारीच्या पाण्यात सहा गीझर सतत चालू आहेत असे समजा.

ही उष्णता बाहेर टाकली नाही तर काय होईल? यंत्रणेत ५ लिटर पाणी आणि इंजिनाचे ८० किलो लोखंड आहे असे धरू. पाण्याला एक अंशाने तापवायला २१ किलोज्यूल लागतात, लोखंडाला ३६. दोन्ही मिळून ५७. दर सेकंदाला १२ किलोज्यूल येत असतील तर तापमान दर सेकंदाला सुमारे ०.२ अंशाने चढेल. तीस अंश चढायला अडीच मिनिटे पुरतील! पट्टा तुटला, पाणी सांडले किंवा पंखा बंद पडला, तर चालकाजवळ किती वेळ असतो याची यावरून कल्पना येते.

उष्णता बाहेर टाकण्याची व्यवस्था थोडक्यात अशी. वॉटर पंप पाण्याला इंजिनातल्या पोकळ्यांमधून फिरवतो. तापलेले पाणी वरच्या रबरी होजमधून रेडिएटरमध्ये जाते, बारीक नळ्यांमधून उतरताना हवेला उष्णता देते आणि खालच्या होजने परत येते. वाटेत थर्मोस्टॅट नावाचा पहारेकरी असतो. त्यात मेण भरलेले असते. पाणी ८०–९० अंशांच्या दरम्यान ठरावीक तापमानाला पोहोचले की मेण वितळून फुगते आणि रेडिएटरकडची वाट उघडते. तोपर्यंत इंजिन लवकर तापावे म्हणून पाणी आतल्या आतच फिरते. एक फाटा डॅशबोर्डमागच्या छोट्या रेडिएटरकडे, म्हणजे हीटरकडे जातो. आपल्याकडे हीटर क्वचितच लावला जातो, पण बहुतेक मोटारींत तो असतो, आणि पुढे आपल्याला तो उपयोगी पडणार आहे.

रेडिएटर किती उष्णता फेकतो हे पाणी आणि हवा यांच्या तापमानांतील फरकावर अवलंबून असते. पाणी ९५ अंशांवर आणि डिसेंबरच्या पहाटेची हवा १५ अंशांवर असेल तर फरक ८० अंशांचा. मे महिन्यात हवा ४५ अंशांवर गेली की फरक उरतो ५० अंशांचा. म्हणजे तोच रेडिएटर, तेवढाच वारा, पण क्षमता पाच-अष्टमांश. हिवाळ्यात लपून राहिलेला दोष उन्हाळ्यात उघडा पडतो तो यामुळे.

कुकर आणि झाकण

यवतमाळ शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ४५० मीटर उंचीवर आहे. तेथे उघड्या पातेल्यातले पाणी १०० अंशांवर उकळत नाही, ९८.५ अंशांच्या आसपासच उकळते. इंजिनातले पाणी नेहमीच ९० अंशांच्या वर असते. मग ते दर चढावर का उकळत नाही?

याचे उत्तर स्वयंपाकघरात आहे. प्रेशर कुकरमध्ये दाब वाढल्यामुळे पाणी सुमारे १२० अंशांपर्यंत द्रवरूप राहते. रेडिएटरचे झाकणही शिट्टीच्या वजनासारखेच काम करते. अनेक झाकणांवर ०.९ किंवा १.१ असा आकडा कोरलेला असतो. वातावरणाच्या दाबापेक्षा इतका जास्त दाब झाल्यावर झाकणातली स्प्रिंग उचलली जाईल, असा त्याचा अर्थ. ०.९ च्या झाकणाखाली साधे पाणी सुमारे ११८ अंशांपर्यंत उकळत नाही. पाण्यात निम्मे ग्लायकॉल, म्हणजे कूलंट, असेल तर ही मर्यादा आणखी वर जाते.

झाकणाचे रबर कडक झाले, स्प्रिंग सैल झाली, की दाब टिकत नाही आणि उत्कलनबिंदू वीस अंशांनी खाली येतो. इंजिन तेच, पाणी तेवढेच, तरी गाडी उकळू लागते. म्हणून रेडिएटरचे झाकण ही किरकोळ वस्तू समजू नये.

आता आवाजांकडे वळू.

गुडगुड : हवा आत आहे

डॅशबोर्डच्या मागे, विशेषतः गाडी सुरू केल्यावर किंवा वेग वाढवल्यावर, ओढ्यासारखा खळखळाट ऐकू येतो. पाणी एकटे वाहत असेल आणि नळी पूर्ण भरलेली असेल, तर जवळजवळ आवाज होत नाही. खळखळाट होतो तो पाण्यात हवा मिसळली असेल तर.

नेदरलँड्समधील खगोलशास्त्रज्ञ मार्सेल मिनार्ट यांनी १९३३ साली वाहत्या पाण्याच्या आवाजाचा अभ्यास प्रसिद्ध केला. पाण्यातला बुडबुडा स्प्रिंगला टांगलेल्या वजनासारखा वागतो, असे त्यांनी दाखवले. आतली हवा ही स्प्रिंग आणि भोवतालचे पाणी हे वजन. बुडबुडा लहान तेवढा स्वर उंच. मोकळ्या पाण्यात ३ मिलिमीटर त्रिज्येचा बुडबुडा सेकंदाला सुमारे १,१०० कंपने करतो, तर एक सेंटिमीटर त्रिज्येचा सुमारे ३३०. नळीतल्या बुडबुड्यांना हा नियम तंतोतंत लागू होत नाही. परंतु गुडगुडीचा स्वर जाडाभरडा आहे की बारीक, यावरून हवेच्या पोकळ्या मोठ्या आहेत की छोट्या याचा अंदाज येतो.

हवा आत आली कोठून? तीन शक्यता असतात. पहिली, पाणी कमी झाले आहे. हीटर उंचावर असल्याने पातळी उतरली की हवा तेथे साठते. दुसरी, नुकतेच पाणी किंवा कूलंट बदलले आहे आणि आतली हवा नीट काढलेली नाही. अशी गुडगुड हवा काढल्यावर थांबते. तिसरी शक्यता गंभीर. इंजिनाचे हेड आणि ब्लॉक यांच्यामधले गॅसकेट फुटले आहे आणि सिलिंडरमधला जळता वायू पाण्यात घुसतो आहे.

या तिन्हींमधला फरक ओळखण्यासाठी एक सुंदर तर्क आहे. रात्रभर उभी असलेली, पूर्ण गार गाडी सुरू करा आणि वरचा होज हाताने दाबून पाहा. हात पंख्यापासून आणि पट्ट्यापासून दूर ठेवा. पहिल्या मिनिटात पाणी अजून तापलेले नसते, त्यामुळे ते प्रसरण पावून दाब वाढवू शकत नाही. तरीही होज ताठ झाला, तर हा दाब उष्णतेचा नाही, तो सिलिंडरमधून आलेला असला पाहिजे. सोबत बाजूच्या टाकीत सतत बुडबुडे येत असतील, कोठेही गळती दिसत नसताना पाणी कमी होत असेल, किंवा इंजिन ऑइल दुधाळ झाले असेल, तर शंका पक्की होते. मग गाडी पुढे चालवण्यात अर्थ नाही.

किटलीचे गाणे : उकळी भिंतीपाशी

चुलीवर पातेले ठेवून कान द्या. आरंभी शांतता असते. मग ‘सूं’ असा आवाज सुरू होतो, वाढत जातो आणि पाणी खळाखळा उकळू लागले की पुन्हा मऊ होतो. म्हणजे सर्वांत मोठा आवाज उकळण्याच्या थोडा आधी असतो. असे का व्हावे?

तळाजवळचे पाणी आधी उत्कलनबिंदूला पोहोचते. तेथे वाफेचा बुडबुडा तयार होतो, वर सरकतो आणि वरच्या, तुलनेने थंड पाण्यात शिरताच विरतो. आतली वाफ क्षणात पाणी होते, पोकळी कोसळते आणि भोवतालचे पाणी आतल्या बाजूने एकमेकांवर आदळते. अशा हजारो छोट्या टाळ्या मिळून किटलीचे गाणे होते. सर्व पाणी एकाच तापमानाला आले की बुडबुडे न कोसळता वर जातात आणि गाणे थांबते. पाण्यातली पोकळी कोसळताना केवढा दाब निर्माण होतो, याचे गणित लॉर्ड रॅले यांनी १९१७ साली मांडले. त्या लेखाच्या आरंभीच किटलीच्या आवाजाचा उल्लेख आहे. जहाजाचे पंखे आणि पाण्याच्या पंपांची पाती खड्डे पडून का खराब होतात, हे याच गणितातून उलगडले.

इंजिनात नेमके हेच घडते. सिलिंडरच्या भिंतीवर एखादी जागा फार तापली, की तेथील पाणी उकळते आणि बाकीच्या पाण्यात वाफ विरते. आवाज सुरुवातीला ‘सूं’ असा, मग खदखद, आणि जास्त झाल्यास ठोके पडल्यासारखा. येथे महत्त्वाची गोष्ट ही, की त्या वेळी बाकीचे पाणी अजून उकळलेले नसते आणि डॅशबोर्डवरचा काटा लाल रेषेच्या खालीच असू शकतो. आवाजाची सूचना काट्याच्या आधी येते. मात्र चढावर प्रवेगक दाबताना इंजिनातून येणारी टिकटिक वेगळी. ती इंधनाच्या अवेळी जळण्याची असते आणि प्रवेगक सोडताच थांबते.

भिंत एकाच ठिकाणी का तापते? पाणी संथ झाले, हवेचा खिसा अडकला, किंवा भिंतीवर क्षारांचा थर बसला म्हणून. यातले शेवटचे कारण आपल्या भागात विशेष लक्षात घेण्यासारखे आहे. यवतमाळ जिल्ह्याच्या बऱ्याच भागांत विहिरी आणि हातपंपांचे पाणी कठीण आहे. पाण्यात विरघळलेले कॅल्शियमचे बायकार्बोनेट तापल्यावर विघटित होते आणि कॅल्शियम कार्बोनेटचा पांढरा थर भांड्याला चिकटतो. चहाच्या किटलीत तो सर्वांनी पाहिलेला असतो. हा थर ओतीव लोखंडाच्या मानाने किमान वीस पटींनी वाईट उष्णतावाहक असतो. एक मिलिमीटर थर म्हणजे दोन सेंटिमीटर जाडीची लोखंडी भिंत मध्ये उभी केल्यासारखे झाले.

यवतमाळ–मूर्तिजापूर नॅरोगेज मार्गावर, म्हणजे ‘शकुंतले’च्या मार्गावर, १९९४ पर्यंत वाफेचे इंजिन धावत असे. वाफेच्या इंजिनाचा बॉयलर ठरावीक काळाने रिकामा करून धुवावा लागतो. त्यामागे मुख्य कारण हेच : तळाशी साचणारे क्षार आणि गाळ.

आता कोणी म्हणेल, रेडिएटरमध्ये एकदा भरलेले पाणी तेच ते फिरते, मग थर किती बसणार? प्रश्न योग्य आहे. समजा पाण्याचे काठिन्य लिटरला ४०० मिलिग्रॅम आहे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात २०० ही इष्ट आणि ६०० ही कमाल मर्यादा आहे, तेव्हा हा आकडा अवास्तव नाही. पाच लिटरमधून फार तर २ ग्रॅम क्षार मिळतील. ते फारसे नुकसान करणार नाहीत. परंतु गळती असेल आणि रोज अर्धा लिटर पाणी ओतावे लागत असेल, तर रोज ०.२ ग्रॅम, म्हणजे वर्षाला ७० ग्रॅमांहून अधिक क्षार आत जातील. पाणी वाफ होऊन किंवा गळून गेले तरी क्षारांचा मोठा भाग मागे राहतो. इंजिनाचे खरे नुकसान करते ते पुन्हा पुन्हा वरून पाणी ओतणे. गळती बुजवावी आणि क्षारविरहित पाणी व कूलंट वापरावे, हा सल्ला येथून निघतो. यवतमाळला पाणी गोठण्याची भीती नाही, मग कूलंट कशाला, असे अनेकजण विचारतात. त्यातली गंजरोधक रसायने आणि चढलेला उत्कलनबिंदू या दोन गोष्टी आपल्या कामाच्या आहेत. मात्र ग्लायकॉल गोडसर आणि विषारी असते. ते मुलांपासून आणि जनावरांपासून दूर ठेवावे.

फुसफुस, किंचाळी आणि घरघर

बारीक फुसफुस म्हणजे दाबाखालचे पाणी किंवा वाफ लहान छिद्रातून बाहेर पडत आहे. इंजिन बंद केल्यावरही ही फुसफुस काही काळ चालू राहते, कारण दाब लगेच उतरत नाही. गार झाल्यावर त्या जागी पांढरा किंवा कूलंटच्या रंगाचा डाग सापडतो. झाकण, होजचे क्लिप आणि रेडिएटरच्या कडा या ठिकाणी आधी पाहावे.

किंचाळी बहुतेक वेळा पट्ट्याची असते. सैल किंवा गुळगुळीत झालेला पट्टा पुलीवर घसरतो, अडकतो, पुन्हा घसरतो. फळ्यावर खडू किंचाळतो त्याचेही कारण हेच. सकाळी सुरू करताना किंवा एसी लावताच पट्ट्यावर भार पडतो आणि आवाज वाढतो. ज्या इंजिनांत हाच पट्टा वॉटर पंप फिरवतो, तेथे पट्टा घसरणे म्हणजे पाणी संथ होणे.

घरघर किंवा खरखर ही पंपाच्या बेअरिंगची असू शकते. ती इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर वाढते. गाडी उभी असताना प्रवेगक हळूहळू दाबला आणि आवाजाचा स्वर त्याच प्रमाणात चढला, तर उगम इंजिनाबरोबर फिरणाऱ्या भागात आहे. स्वर चढला नाही आणि आवाज मध्येच सुरू होऊन मध्येच थांबला, तर तो विजेच्या पंख्याचा असण्याची शक्यता अधिक. पंपाच्या पोटाखाली पाण्याचा ओघळ दिसला, तर पंप लवकर बदलावा लागणार हे समजावे.

एक आवाज मात्र निरुपद्रवी आहे. गाडी बंद केल्यावर बॉनेटखाली येणारी ‘टिक... टिक...’. वेगवेगळ्या धातूंचे भाग वेगवेगळ्या वेगाने आकुंचन पावतात आणि थोडे थोडे सरकतात. रात्री घराचे पत्रे वाजतात तसेच हे.

सगळेच दोष बोलत नाहीत

आवाजाने निदान होते, पण शांतता म्हणजे आरोग्य नव्हे. कापूस आणि सोयाबीनच्या हंगामात ट्रॅक्टरच्या रेडिएटरच्या जाळीत धूळ, तंतू आणि भुसा अडकतो. हवेची वाट बंद होते, पण आवाज होत नाही. तेथे डोळ्यांनीच पाहिले पाहिजे.

काट्यावरही आंधळा विश्वास ठेवू नये. काट्याला माहिती देणारा संवेदक पाण्यात बुडलेला असावा अशी रचना असते. पाणी पार उतरले आणि संवेदक वाफेत किंवा हवेत उघडा पडला, तर तो खरे तापमान सांगत नाही. पाण्याच्या मानाने वाफ आणि हवा उष्णता फार कमी पोहोचवतात. अशा वेळी इंजिन भाजत असताना काटा खाली येऊ शकतो! चढलेला काटा एकाएकी उतरला, गुडगुड वाढली आणि गाडीची ओढ कमी झाली, तर ‘बरे झाले, गार झाली’ असे समजणे हा सर्वांत महागात पडणारा समज आहे.

आवाज ऐकल्यावर स्वतःला चार प्रश्न विचारावेत. इंजिन गार असताना येतो की तापल्यावर? इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर बदलतो का? बंद केल्यावर चालू राहतो का? अलीकडे काय बदलले : पाणी, होज, पट्टा, की केवळ ऋतू? या चार उत्तरांनी वरीलपैकी बऱ्याच शक्यता गळून पडतात. डॉक्टर स्टेथोस्कोप लावण्यापूर्वी प्रश्न विचारतो, तसेच हे आहे.

झाकण उघडू नका

आता रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या त्या चालकाकडे परत पाहू. त्याचा हात झाकणाकडे जात आहे. त्याला थांबवण्यासाठी एक गणित पुरे आहे.

समजा आत ५ किलो पाणी ११५ अंशांवर आहे. दाबामुळे ते शांत आहे. झाकण उघडताच दाब वातावरणाइतका होतो आणि त्या दाबाला पाणी ९८.५ अंशांच्या वर राहू शकत नाही. जादा १६.५ अंशांची उष्णता वाफ करण्यात खर्च होते. दर किलोमागे ही उष्णता ६९ किलोज्यूल. एक किलो पाण्याची वाफ करायला सुमारे २,२६० किलोज्यूल लागतात. म्हणजे सुमारे ३ टक्के पाणी तत्काळ वाफ होते. पाच किलोंचे ३ टक्के म्हणजे १५० ग्रॅम. आकडा क्षुल्लक वाटतो, परंतु एका ग्रॅम पाण्याची वाफ सुमारे १.७ लिटर जागा व्यापते. दीडशे ग्रॅमांची झाली सुमारे अडीचशे लिटर. ही वाफ झाकणाच्या दोन बोटे रुंद तोंडातून बाहेर येताना उरलेले उकळते पाणी बरोबर घेऊन येते, आणि समोर माणसाचा चेहरा असतो. ओले फडके हातावर घेतल्याने यातले काहीही बदलत नाही.

म्हणून काटा चढू लागला की आधी एसी बंद करावा. जवळपास थांबण्याजोगी जागा नसेल, तर तेथपर्यंत हीटर पूर्ण चालू करावा. मे महिन्यात हा सल्ला वेडेपणाचा वाटेल, पण तो दुसरा छोटा रेडिएटरच आहे. लाल दिवा लागला किंवा वाफ दिसली, तर लगेच बाजूला घेऊन इंजिन बंद करावे. निदान अर्धा तास थांबावे. वरचा होज हाताला सोसण्याइतका गार आणि मऊ झाल्याशिवाय झाकणाला हात लावू नये. विजेचा पंखा इंजिन बंद असतानाही सुरू होऊ शकतो, तेव्हा बोटे, पदर आणि दुपट्टा दूर ठेवावा.

तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतणेही टाळावे. चाळीस सेंटिमीटर लांबीचे ॲल्युमिनियमचे हेड ५० अंश जास्त तापले तर सुमारे ०.४६ मिलिमीटर वाढते आणि त्याखालचा लोखंडी ब्लॉक ०.२२ मिलिमीटर. दोघांमध्ये पाव मिलिमीटरची ओढाताण चालू असताना एका भागावर थंड पाणी पडले, तर हेड वाकते किंवा तडकते, आणि गॅसकेट फुटते. मग गुडगुडीची ती तिसरी शक्यता प्रत्यक्षात येते.

वर्गात काय करता येईल?

एक : स्टीलच्या पातेल्यात पाणी तापवून दर मिनिटाला तापमान आणि आवाजाचे वर्णन नोंदवावे. लाकडी पट्टीचे एक टोक पातेल्याच्या बुडाजवळच्या कडेला आणि दुसरे कानाजवळ धरल्यास आवाज स्पष्ट येतो. हे शिक्षकांनी स्वतः करावे. आवाज सर्वांत मोठा कोणत्या तापमानाला होता, याचा आलेख विद्यार्थ्यांनी काढावा. नंतर हीच कृती तळाशी पांढरा थर बसलेल्या भांड्यात करून पाहावी आणि पाणी उकळायला लागणारा वेळ ताडून पाहावा.

दोन : सुई नसलेल्या २० मिलिलिटरच्या सिरिंजमध्ये ६०–७० अंशांचे थोडे पाणी घ्यावे, आतली हवा काढून टाकावी, तोंड रबरी बुचाने बंद करावे आणि दट्ट्या मागे ओढावा. पाणी उकळू लागते. दाब आणि उत्कलनबिंदू यांचे नाते यापेक्षा सोप्या रीतीने दाखवता येणार नाही. झाकण उघडल्यावर रेडिएटरमध्ये जे होते त्याची ही छोटी, सुरक्षित आवृत्ती आहे.

तीन : पारदर्शक प्लास्टिकच्या नळीतून पाणी वाहू द्यावे. नळी पूर्ण भरलेली असताना आणि तिच्यात हवेचे बुडबुडे शिरलेले असताना आवाजात काय फरक पडतो, हे विद्यार्थ्यांनी डोळे मिटून ओळखावे.

चार : गावातला एखादा ट्रॅक्टर, इंजिन पूर्ण गार असताना, मालकाच्या परवानगीने पाहावा. रेडिएटर, दोन्ही होज, पंखा, पट्टा आणि झाकणावरचा आकडा शोधावा. पाण्याचा मार्ग वहीत काढावा. शेजारी मोटारसायकल उभी असेल तर तिच्या इंजिनावरच्या पट्ट्या दाखवून विचारावे : हिच्यात पाणी नाही, मग हिची उष्णता जाते कोठे?

या प्रयोगांना खर्च जवळजवळ नाही. पण एखाद्या विद्यार्थ्याने एवढे शिकले, की कोणत्याही यंत्राचा नेहमीचा आवाज ओळखून ठेवावा आणि तो बदलला तर कारण शोधावे, तर तो कुकरची बदललेली शिट्टी, विहिरीवरच्या पंपाची खरखर आणि बसच्या इंजिनातली खदखद या सर्वांकडे त्याच कानांनी लक्ष देईल. आणि पुढे कधी भर उन्हात वाफाळत्या रेडिएटरसमोर घरातले मोठे माणूस फडके घेऊन उभे राहिले, तर “थांबा, अर्धा तास झाकणाला हात लावू नका” असे तो सांगू शकेल. सोबत अडीचशे लिटरचा हिशेबही त्याच्याजवळ तयार असेल.